एअर टॅक्सी आधी धडगावला उतरवून दाखवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एअर टॅक्सीवर अर्ध पान आलं होतं, रंगीत चित्रासकट. काचेची बिल्डिंग, तिच्या गच्चीवर पांढरं शुभ्र यंत्र आणि त्यात सूटबूटवाला माणूस चढतोय. मी शहाद्याचा, शहाद्याहून वर सातपुड्यात धडगावला जाणाऱ्या लाईनवर बरीच वर्षं कालीपिवळी जीप चालवली, आता मुलगा चालवतो आणि मी स्पेअर पार्टच्या दुकानात बसतो, म्हणून या विषयात नाक खुपसायचा थोडा हक्क समजून लिहितो. लांब झालं तर कापा, पण धडगावचा भाग कापू नका.

पहिली गोष्ट, बातमीत सगळं एकाच टोपलीत टाकलंय. ड्रायव्हर नसलेली एअर टॅक्सी वेगळी आणि पायलट बसलेली वेगळी. दिल्लीत जी येणार म्हणतात ती अमेरिकेच्या आर्चर कंपनीची, आपल्या इंडिगोची मालक मंडळी म्हणजे इंटरग्लोब, त्यांच्याशी २०२३ च्या नोव्हेंबरमधे बोलणी झाली, २०० विमानं आणू, २०२६ मधे सुरू करू, कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम २७ किलोमीटर सात मिनिटात नेऊ, असं तेव्हा जाहीर केलं. त्यात पायलट असतो आणि चार पॅसेंजर. दुबईवाले ज्या जोबी कंपनीची आणताहेत तिच्यातही पायलट आणि चारच माणसं. खरीखुरी बिनड्रायव्हरची गाडी आहे ती चीनच्या ईहँग कंपनीची, मॉडेलचं नाव ईएच२१६-एस. दोन सीट, आठ दांड्यांवर सोळा पंखे, वेग ताशी १३० पर्यंत आणि एका चार्जिंगमधे साधारण ३० किलोमीटर. तिला चीन सरकारनं २०२३ च्या ऑक्टोबरमधे उडायचं सर्टिफिकेट दिलं आणि २०२५ च्या मार्चमधे पैसे घेऊन माणसं बसवायचं लायसन पण दिलं. म्हणजे हे काही सिनेमातलं राह्यलं नाही आता, कागद झालेले आहेत. पण तिकडंही सुरवात कशानं तर बागेच्या वर गोल चक्कर, टुरिस्ट लोकांना नदी दाखवून परत त्याच जागी आणून सोडायचं. ऑफिसला जायचं-यायचं असलं काही नाही.

आता माझं म्हणणं एकच आहे. देशाच्या वाहतुकीत ही वस्तू आणायची तर आणा, मी विरोधात नाही, पण पहिली जागा चुकीची निवडली जातेय. कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला मेट्रो जाते. जिथं मेट्रो आहे, आठ पदरी रस्ता आहे, ओला-उबर आहे तिथंच हवेतला रस्ता पण पहिला द्यायचा, आणि भाडं काय तर कंपनीवालेच म्हणाले होते दोन ते तीन हजार. वाचवायचा काय तर तासभर वेळ, तो पण अशा माणसाचा जो गाडीत बसून लॅपटॉपवर काम करतच असतो. आणि इकडं सातपुड्यात माणूस झोळीत जातो. बांबूला चादर बांधायची, आत पेशंट, पुढं दोघं मागं दोघं आणि चालायचं रस्ता लागेपर्यंत. आमच्याकडं पोरं त्याला थट्टेनं बांबूलन्स म्हणतात. पाड्यावरून खाली येईपर्यंत दोन तास, तीन तास, पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं तर नाल्याच्या अलीकडंच रात्र.

चांदसैली घाट ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, तळोद्याहून धडगावला जायचा हा जवळचा रस्ता, आणि पावसाळ्यात दरड पडली की संपलं. २०२१ च्या सप्टेंबरमधे अशीच दरड पडली, गाडी जाईना, तेव्हा एका माणसानं आजारी बायकोला खांद्यावर घेतलं आणि पायी निघाला, ती वाटेतच गेली. तुमच्या पेपरात पण ते आलं होतं, सगळ्या राज्यात आलं होतं. मग मंत्री बोलले, कोर्टाची चर्चा झाली, दरड काढली, पुढच्या पावसाळ्यात परत दरड.

त्याच वर्षी जुलैमधे दुसरी गोष्ट झाली, ती मला या विषयात फार लावून धरावी वाटते. चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात शिकाऊ विमान पडलं, आपल्या शिरपूरकडून उडालेलं. शिकवणारा पायलट जागेवर गेला, शिकणारी मुलगी जखमी होऊन अडकली. डोंगरात ॲम्ब्युलन्स येईना, स्ट्रेचर नाही, तेव्हा तिथल्या एका आदिवासी बाईनं स्वतःचं नेसलेलं लुगडं सोडलं, त्याची झोळी केली आणि त्या पोरीला गावकऱ्यांनी खाली आणलं. विमानातून पडलेला माणूस पण आमच्याकडं शेवटी झोळीतच जातो हो. एअर टॅक्सीचे प्लॅन करणाऱ्या साहेब लोकांनी एवढं एक कागदावर लिहून टेबलावर ठेवावं.

आता मापं सांगतो. नकाशावर पट्टी ठेवून मोजा, तळोदा ते धडगाव सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आसपास भरतं, शहाद्याहून ४० च्या घरात आणि नंदुरबारहून ५०. रस्त्यानं यातलं कुठलंच एवढ्यात होत नाही, घाटाची वळणं धरून कितीतरी जास्त. म्हणजे चिनी गाडी तळोद्याहून धडगावला जेमतेम पोचेल आणि तिथं चार्ज केल्याशिवाय परत येणार नाही, नंदुरबारच्या सिव्हिलला तर नाहीच नाही. आणि ३० हा आकडा कंपनीचा, सपाट जागेचा, थंड हवेचा. इथं वर चढायचंय, तोरणमाळकडचे डोंगर हजार मीटरच्या वर जातात, अस्तंबा त्याहून उंच.

बॅटरीचं गणित समजून घ्या, यात कोणी लपवालपवी करू नये. विमानाचं एक किलो इंधन घेतलं तर त्यात साधारण १२ हजार वॅट-तास ऊर्जा असते आणि चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागं अडीचशे-तीनशे. इलेक्ट्रिक मोटर इंजिनापेक्षा कमी वाया घालवते हे खरं, तरी ही दरी भरत नाही. त्यात सरळ वर उठताना आणि सरळ खाली उतरताना सगळ्यात जास्त करंट ओढला जातो. म्हणून आर्चर-जोबीवाल्यांनी पंख लावलेत, एकदा पुढं पळायला लागली की पंख उचलून धरतात, करंट वाचतो. चिनी गाडीला पंखच नाहीत, नुसते फिरते पंखे. आता आपल्या खान्देशचा मे महिना आठवा, भुसावळ-जळगाव ४५-४६ डिग्री. गरम हवा विरळ असते, पंख्याला पकड कमी मिळते, तेवढंच वजन उचलायला मोटरला जास्त जोर लावावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी तापते, तिला थंड ठेवायला परत करंट. म्हणजे जाहिरातीतले ३० किलोमीटर आमच्याकडं उन्हाळ्यात किती राहतील हे कंपनीनं इथं येऊन, भर दुपारी, लिहून द्यावं. दिल्लीच्या हिवाळ्यात टेस्ट करून आम्हाला पाठवू नका.

बरं, हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर वरचा मोठा पंखा वाऱ्यानं फिरत राहतो आणि हुशार पायलट ते कसंतरी खाली टेकवतो. या छोट्या सोळा पंख्यांना ते जमत नाही, म्हणून तर सोळा लावलेत की दोन-चार बंद पडले तरी बाकीचे सांभाळतील. ठीक आहे, पटतं मला. पण सगळ्यांचा करंट एकदम गेला तर काय, हा प्रश्न राहतोच.

बिनड्रायव्हरची गाडी कशी चालते ते पण विचारून-वाचून घेतलंय. रस्ता आधीच भरलेला असतो, पॅसेंजरनं फक्त बसायचं, आत हँडल-बिंडल काही नाही. खाली एक कंट्रोल रूम असते, तिथून माणसं स्क्रीनवर बघत असतात आणि गरज पडली तर हुकूम देतात. हे बोलणं कशावर चालतं, तर फोरजी-फाइव्हजीवर, म्हणजे मोबाईलच्याच नेटवर्कवर! साहेब, धडगावच्या कितीतरी पाड्यांवर रेंज घ्यायला माणूस टेकडीवर चढतो, रेशनच्या अंगठ्यासाठी मशीन घेऊन उंच जागेवर जावं लागतं हे काही गुपित नाही. तिथं उडती गाडी कंट्रोल रूमशी बोलणार कशावर? आधी टॉवर लागेल. म्हणजे एअर टॅक्सीच्या निमित्तानं तरी टॉवर आले तर मी या योजनेला आजच हार घालतो.

दुकानात हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा एक म्हातारे बाबा बसले होते, सगळं ऐकलं आणि म्हणे, "डायवर नई से त मंग हाक कोनले मारानी?" सगळे हसले पण बाबांनी नेमका खिळा ठोकला. गाडीत बाई कळा देतेय, धुकं आलं, गाडी मधेच हवेत थांबली, तर ओरडायचं कोणावर? माझ्या जीपमधे पॅसेंजर मला शिव्या द्यायचे, पण मी समोर तरी होतो. अपघात झाला तर पोलीस मला धरायचे, लायसन माझं, इन्शुरन्स मालकाचा. इथं सॉफ्टवेअर अमेरिकेचं किंवा चीनचं, गाडी कंपनीची, चालवायचा ठेका दुसऱ्याचा, कंट्रोल रूम तिसऱ्याच गावात. गुन्हा कोणावर दाखल होणार? सरकारनं पहिला नियम हा करावा की प्रत्येक फेरीला एका माणसाचं नाव लिहिलेलं असेल, तो कंट्रोल रूममधे असो नाहीतर कुठं, पण जबाबदार तो.

कायद्याची पण गंमत बघा. २०२१ चे ड्रोन नियम आले तेव्हा वजनाची मर्यादा ३०० किलोवरून ५०० किलो केली आणि सरकारच म्हणालं की यात ड्रोन टॅक्सी पण बसतील. ती चिनी गाडी माणसांसकट ६२० किलोपर्यंत जाते. म्हणजे जी एकमेव बिनड्रायव्हरची टॅक्सी जगात कागदोपत्री पास झालीय ती आपल्या ड्रोन नियमात बसतच नाही, तिला मोठ्या विमानांच्या कायद्यातून जावं लागणार. २०२४ च्या सप्टेंबरमधे डीजीसीएनं, म्हणजे विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, उतरायच्या जागांचे, म्हणजे व्हर्टिपोर्टचे नियम काढले, चांगलंच केलं, पण जमिनीचा नियम झाला म्हणजे हवेतल्या गाडीचा झाला असं नाही.

आता पैशाचं. आम्ही खान्देशवाले विमानाच्या बाबतीत दुधानं पोळलेलो आहोत. उडान योजना आठवते ना, तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार, हवाई चप्पलवाला पण हवाई जहाजात. जळगावचं विमानतळ २०१२ मधे राष्ट्रपती प्रतिभाताईंच्या हातून सुरू झालं आणि पहिलं उडानचं विमान उतरलं २०१७ च्या डिसेंबरमधे. पुढं ते बंद, २०१९ मधे दुसरं आलं, ते पण बंद, २०२४ मधे परत सुरू. दर वेळेला नारळ, दर वेळेला पेढे. आणि हे एकट्या जळगावचं नाही, सरकारचा हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा रिपोर्ट आहे, ७७४ रूट दिले त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत, जे ३७१ सुरू झाले त्यातले फक्त ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली, आणि तीन वर्षांनंतरही चालू राहिलेले ५४. कारण सरळ आहे, सरकार तोट्याची भरपाई तीन वर्षं देणार, भरपाई संपली की कंपनी गुल. एअर टॅक्सीला हाच फॉर्म्युला लावला तर तीन वर्षांनी धडगावच्या व्हर्टिपोर्टवर मका वाळत घातलेला दिसेल.

आणि कंपन्या टिकतील याची तरी काय गॅरंटी? जर्मनीची व्होलोकॉप्टर पॅरिस ऑलिंपिकमधे २०२४ ला टॅक्सी उडवणार म्हणून जगभर गाजली, सर्टिफिकेटच वेळेत मिळालं नाही आणि वर्ष संपायच्या आत कंपनी दिवाळखोरीत. लिलियम पण जर्मनीचीच, तिचंही त्याच वर्षी तसंच. हे मी स्पेअर पार्टवाला म्हणून सांगतो, कंपनी बुडाली की गाडी भंगार, मोटर कोण देणार, बॅटरी कोण बदलणार? आमच्याकडं नर्मदेच्या पाण्यात बोट ॲम्ब्युलन्स आल्या, बाईक ॲम्ब्युलन्स आल्या, फोटो झाले, मग इंजिनच्या एका पार्टसाठी उभ्या. वस्तू वाईट नव्हती हो, तिच्यामागं मेकॅनिक नव्हता.

म्हणून देशात बनणाऱ्या कंपन्यांकडं बघा असं मला वाटतं. मद्रास आयआयटीतून निघालेली ई-प्लेन कंपनी आहे, तिनं २०२५ मधे हवाई ॲम्ब्युलन्ससाठी ७८८ विमानांचा करार केला, हेतू असा की देशातल्या प्रत्येक जिल्ह्याला एक. बंगलोरची सरला एव्हिएशन आहे, १९३६ मधे साडी नेसून विमान उडवणाऱ्या सरला ठकराल बाईंच्या नावानं. यांची विमानं अजून तयार होऊन माणसं वाहायला लागलेली नाहीत, ते पण लक्षात ठेवा. पण ई-प्लेनच्या ॲम्ब्युलन्समधे पायलट, नर्सिंगचा माणूस आणि स्ट्रेचरवर पेशंट अशी मांडणी ठरवलीय, चिनी गाडीत दोन सीट शेजारी-शेजारी, आडवं कोणाला झोपवणार? बाळंतीण बाई सीटबेल्ट लावून सरळ बसेल का काय. जिल्ह्याला एक म्हणता तर पहिली नंदुरबारला द्या, आकांक्षित जिल्हा म्हणून यादीत नाव घातलंय ना आमचं.

माझ्या डोक्यात क्रम असा आहे. बिनमाणसाचं यंत्र आधी बिनमाणसाच्या कामाला लावा. रक्ताची पिशवी वजनाला काय असते, अर्धा किलो. आमच्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार फार, रक्त लागतं, बाळंतपणात रक्त लागतं, आणि ते आणायला माणूस नंदुरबारला पळतो. रवांडा देशात २०१६ पासून ड्रोननं रक्त जातंय, मणिपूरमधे २०२१ ला लोकटाक तलावातल्या बेटावर ड्रोननं लस पोचवली. तर नंदुरबारहून धडगाव आणि मोलगीला रक्त, सर्पदंशाचं इंजेक्शन हे वर्षभर, चारही महिने पावसाळा धरून नेऊन दाखवा. वारं, धुकं, उन्हाचा तडाखा, साक्रीकडच्या पवनचक्क्या, संक्रांतीचे पतंग, गिधाड-घारी, सगळं यात समजेल आणि पडलं तर एक पिशवी जाईल, माणूस जाणार नाही. मग पायलटवाली ॲम्ब्युलन्स. मग जमलं तर पॅसेंजर, आणि मग सर्वात शेवटी बिनड्रायव्हरची. दिल्लीवाल्यांना घाई असेल तर त्यांनी स्वतःच्या पैशानं उडावं, आमच्या टॅक्समधून भरपाई नको.

आणि चालवायला द्या एसटीला, किंवा एसटीसारखंच काहीतरी सरकारी, जे तोटा झाला म्हणून रातोरात बोर्ड काढून पळत नाही. हसाल तुम्ही. पण धडगावला पावसाळ्यात, घाटात, तुटक्या रस्त्यानं अर्धी रिकामी का होईना गाडी कोण नेतं, तर लालपरीच नेते, आणि हे मी तिच्याशी आयुष्यभर पॅसेंजरसाठी भांडलेला माणूस म्हणतोय. १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून फुकट आहे, हवेतली पण १०८ च्याच नंबरवर आली पाहिजे, वेगळं ॲप नको, ॲपला रेंज लागते.

मुलगा म्हणतो बाबा तुम्ही उलट विचार करताय, आधी रस्ता मागा ना, हवेतलं कशाला मागता? बरोबर आहे त्याचं. रस्ता पाहिजेच, घाट पक्का पाहिजे, एअर टॅक्सी आली म्हणून रस्त्याचं टेंडर कपाटात गेलं तर मी स्वतः उपोषणाला बसेन. हवेतून दिवसाला चार पेशंट जातील, रस्त्यानं बाजार जातो, शाळेची पोरं जातात, पपई-केळी जाते. त्यामुळं पालकमंत्री साहेबांनी भाषणात या दोघांची अदलाबदल करू नये.

आत्ता लगेच करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. धडगाव, मोलगी, तोरणमाळ, बिलगाव इकडं बारमाही उतरता येईल अशा जागा आजच बघून ठेवा, सातबारा क्लिअर करा, वायरी कुठून गेल्यात ते नकाशावर मांडा, तिथं लाईट किती टिकते ते लिहून ठेवा. उद्या हेलिकॉप्टर आलं तरी त्या कामाच्याच. जागा ठरवताना मात्र नुसतं सॅटेलाईटवर बघू नका, या लाईनवरच्या ड्रायव्हर लोकांना बोलवा, कुठल्या टेकाडावर धुकं दुपारपर्यंत हटत नाही आणि कुठल्या खिंडीत वारं गाडी ढकलतं हे आम्हाला पाठ आहे, चहाच्या पैशात सांगू. माझं दुकान गुरुवारी बंद असतं, बाकी रोज उघडं आहे.

आपला नम्र,
एक जुना कालीपिवळीवाला, शहादा, जि. नंदुरबार